दुसरे घर

पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागात कोकणची सपाटी संपते आणि सह्याद्रीचा चढ सुरू होतो. त्या चढावर जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके वसलेले आहेत. साग, ऐन आणि मोह यांची राने, दऱ्यांतून वाहणारे ओढे, उतारावर चढत गेलेली नागलीची शेते आणि मधूनमधून कुडाच्या भिंतींची चार-दोन घरे, असे या प्रदेशाचे रूप आहे. जव्हार येथे चौदाव्या शतकापासून महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे राज्य होते. 1948 साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याचा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला. पुढे 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले.

पावसाळ्यात येथे ढग जणू मुक्कामालाच येतात. आषाढ-श्रावणात डोंगराच्या अंगाखांद्यांवरून पांढरे धबधबे कोसळतात. वैतरणा नदी याच भागातून वाहते आणि तिच्यावरील धरणांचे पाणी मुंबईच्या घराघरांतून पोचते. परंतु हा पाऊस उताराच्या खडकाळ जमिनीत मुरत नाही, तो वाहून जातो. त्यामुळे चैत्र-वैशाखात याच गावांतील स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरून पाण्यासाठी जावे लागते. निसर्गाने भरभरून दिले, पण दिलेले टिकत नाही, अशी येथील स्थिती आहे.

या तालुक्यांत दर दहा माणसांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. येथील गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेली वस्ती नव्हे. डोंगराच्या या सोंडेवर एक पाडा, ओढ्यापलीकडे दुसरा, टेकडीमागे तिसरा, असे अनेक पाडे मिळून एक गाव होते. एका पाड्यावर वीस-पंचवीस उंबरे असले, तर त्यांतून आठवी-नववीच्या वयाची मुले निघणार ती किती? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. तेव्हा प्रत्येक पाड्यावर माध्यमिक शाळा असणे शक्य नसते, आणि जेथे शाळा असते तेथवर रोज चालत जाऊन पावसाळ्यातील ओढे ओलांडून परत येणे लहान मुलांना शक्य नसते.

अंतराची ही अडचण बारमाही आहे. याहून मोठी अडचण दरवर्षी दिवाळीनंतर उभी राहते.

जेठापासून येथील शेतकरी राबतो. राब भाजून तयार केलेल्या जमिनीत नागली, वरई आणि भात यांची रोपे वाढतात, मग लावणी होते, आणि पावसाळा सरता सरता पीक घरात येते. तारप्याच्या सुरावर नाच होतात, दिवे लागतात. पण उताराच्या तुकड्यावर पिकलेले हे धान्य वर्षभर पुरत नाही. पावसाच्या पाण्याखेरीज दुसरे पाणी नसल्यामुळे दुसरे पीकही घेता येत नाही. मग दिवाळी संपताच पाड्यांवर बोचकी बांधली जातात. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि तान्ही मुले घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. कोणी भिवंडी, कल्याण, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर जातात, कोणी शहरातील बांधकामांवर, तर कोणी नाशिककडील द्राक्षांच्या मळ्यांत. होळीच्या सणाला जमेल त्याने घरी येऊन जायचे, आणि पाऊस तोंडावर आला की कायमचे परतायचे, असा हा क्रम असतो.

हे लोक घर सोडून जातात ते हौसेने नव्हे. पुष्कळदा पावसाळ्यातच, घरातील धान्य संपलेले असताना, भट्टीचा मालक किंवा त्याचा माणूस पाड्यावर येतो आणि पुढील कामाच्या भरवशावर काही रक्कम देऊन जातो. तिला ‘उचल’ म्हणतात. त्या पैशांतून घरी धान्य येते, आजाऱ्याला औषध मिळते, एखादे लग्न पार पडते. मग ती रक्कम फेडण्यासाठी दिवाळीनंतर भट्टीवर जाणे भाग पडते. तेथे पती-पत्नी पहाट होण्यापूर्वीच कामाला लागतात. माती कालवायची, साच्यात भरून विटा थापायच्या, उन्हात वाळवायच्या, उलटायच्या, रचायच्या. मजुरी दर हजार विटांच्या हिशेबाने मिळते. अशा कामात बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे हातही उपयोगी पडतात. तो विटा उलटू शकतो, धाकट्या भावंडाला सांभाळू शकतो, पाणी आणू शकतो.

म्हणून दिवाळीच्या सुमारास या घरांतून एक प्रश्न उभा राहतो: मुलाला बरोबर न्यायचे की मागे ठेवायचे? बरोबर नेले तर त्याची शाळा सुटते. जून ते ऑक्टोबरपर्यंत शिकलेले मे महिन्यापर्यंत विसरले जाते आणि पुढच्या जूनमध्ये तो आपल्या वर्गाच्या मागे पडलेला असतो. असे दोन-तीन वर्षे झाले की शाळेची वाट त्याची त्यालाच नकोशी होते. मागे ठेवावे, तर कोणाच्या भरवशावर? घराला कुलूप, चूल थंड, आणि म्हातारी आजी स्वतःच दुसऱ्याच्या आधारावर. आईबाप जवळ नसलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण, डोक्यावर छप्पर आणि रात्री ‘झोपलास का रे?’ असे विचारणारे माणूस हवे असते. या तीन गोष्टी मिळाल्या तरच पुस्तक आणि फळा यांना अर्थ येतो.

हे सत्य महाराष्ट्रातील थोर पुरुषांनी फार पूर्वी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांच्या कार्याला आरंभ केला आणि पुढे निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी अनेक वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत आणि स्वतः श्रम करून शिकत. खेड्यातील गरीब मुलाला केवळ शाळेचे दार उघडून देणे पुरेसे नाही, त्याच्या राहण्याजेवण्याची सोयही केली पाहिजे, हे भाऊरावांनी जाणले होते. गुजरातेत दाहोदच्या परिसरात अमृतलाल ठक्कर यांनी 1922 साली भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. लोक त्यांना प्रेमाने ठक्करबाप्पा म्हणत. आदिवासी मुलांनी शाळेतच राहावे, तेथेच शिकावे, शेती व कामधंदा यांचेही ज्ञान मिळवावे, अशी आश्रमशाळेची कल्पना त्यांच्या कार्यातून रुजली.

मुलाला शाळेजवळ आणणे हा एक मार्ग झाला. शाळेला मुलाजवळ नेणे हा दुसरा. जव्हारच्या पश्चिमेस, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा दुसरा मार्ग चोखाळला. 1945 साली बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी बालकांच्या शिक्षणाचे प्रयोग केले. मूल अंगणात खेळत असेल तर अंगणात, आणि गुरे राखत कुरणात फिरत असेल तर कुरणात, अशी त्यांची शाळा मुलामागे जाई. अशा त्या शाळेला त्यांनी ‘कुरणशाळा’ असेच नाव दिले. पुढे 1990 च्या दशकात वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची कच्ची झोपडी. लहान मुलांच्या दृष्टीने हा मार्ग हिताचा होय, कारण त्यांना आईपासून दूर राहावे लागत नाही. परंतु माध्यमिक वर्गांत बीजगणित, विज्ञान, इंग्रजी असे विषय येतात. त्यांसाठी निरनिराळे शिक्षक लागतात, प्रयोगाचे साहित्य लागते, सलग अभ्यास लागतो. ते सारे भट्टीमागे फिरविता येत नाही. म्हणून मोठ्या मुलांसाठी निवासी शाळेची आवश्यकता राहतेच.

महाराष्ट्रात 1953-54 पासून स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना शासनाचे साहाय्य मिळू लागले आणि 1972-73 पासून शासनाने स्वतःच्या आश्रमशाळा उघडण्यास प्रारंभ केला. आज राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत आणि अनुदानित आश्रमशाळा त्याहून थोड्या अधिक आहेत. जव्हार येथे आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय असून जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या तालुक्यांतील आश्रमशाळांचा कारभार ते पाहते. या शाळांत राहणे, जेवण, अंथरूण-पांघरूण आणि शिक्षण यांचा खर्च सरकार करते. याखेरीज, ज्या गावी जिल्हा परिषदेची शाळा आहे पण पालक कामासाठी बाहेर गेले आहेत, तेथे केवळ त्या काही महिन्यांपुरते ‘हंगामी वसतिगृह’ चालविण्याचीही योजना आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांच्या मुलांनाही तिचा लाभ झाला आहे.

आश्रमशाळेचा दिवस पहाटेच्या घंटेने उजाडतो. थंडीच्या दिवसांत डोंगरावर धुके असते आणि पाणी बर्फासारखे गार असते. मोठी मुले लहानांना हाक मारून उठवितात. अंघोळी, प्रार्थना आणि न्याहारी झाली की वर्ग भरतात. दुपारी पंगत बसते. संध्याकाळी खेळ, त्यानंतर परिपाठ आणि जेवण, आणि मग दिव्याखाली अभ्यास. मुख्याध्यापक आणि शिक्षक शिकवितात, अधीक्षक मुलांच्या राहण्याची व्यवस्था पाहतात, मुलींसाठी स्त्री-अधीक्षिका असतात, स्वयंपाकी अन्न शिजवितो आणि कामाठी साफसफाई व पाणी यांची चिंता वाहतो. यांतील एकाने जरी कामात कुचराई केली, तरी तिचा त्रास शेवटी मुलालाच पोचतो. घरी भाजी कमी पडली तर आई आपल्या ताटातली वाढते. शाळेत मात्र नियमाने आणि प्रामाणिकपणाने चालणारा कारभार हीच आई असते.

नव्याने आलेल्या मुलाला पहिले काही दिवस अन्न गोड लागत नाही. दिवसा तो खेळात रमतो, पण दिवे मालवले की घराची आठवण दाटून येते. आई कोणत्या भट्टीवर असेल, धाकटी बहीण रडत असेल का, असे विचार मनात येतात. कधी एखादे मूल कोणालाही न सांगता घराची वाट धरते, आणि घरी पोचते तेव्हा दाराला कुलूप असते. अशा वेळी उपदेशाचा उपयोग होत नाही. शेजारच्या अंथरुणावरचा वर्षा-दोन वर्षांनी मोठा मुलगा, जो स्वतः याच अनुभवातून गेलेला असतो, तो काही न बोलता आपली गोधडी जवळ सरकवितो. त्याच्या त्या कृतीने जे साधते ते मोठमोठ्या भाषणांनी साधत नाही. पाड्यापाड्यांवरून आलेली ही मुले काही महिन्यांत एकमेकांचे भाऊबंद होतात.

आश्रमशाळेत पहिलीचा वर्ग गजबजलेला असतो. जसजसे वर जावे तसतशी मुलांची गळती होत जाते, आणि माध्यमिक वर्गांत पुष्कळ ठिकाणी थोडीच मुले उरतात. वस्तुतः हाच काळ सर्वांत जोखमीचा असतो. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क दिला. मोठी गोष्ट झाली यात संशय नाही. परंतु आठवी संपली की त्या कायद्याचा हात सुटतो, आणि नेमक्या त्याच वयात मुलाचे हात कामाला योग्य झालेले असतात. ‘आता मोठा झाला, चार पैसे आणील,’ असे घरात म्हटले जाते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. आईबाप निष्ठुर असतात म्हणून नव्हे. गरिबी त्यांना दूरचे पाहू देत नाही म्हणून.

अशा परिस्थितीत नववी-दहावीचा छोटासा वर्गही किती मोलाचा! मोठ्या शहरातील शाळेत एखादा विद्यार्थी गैरहजर राहिला तर तो आजारी असेल असे समजून हजेरी पुढे चालते. येथे दिवाळीच्या सुट्टीनंतर एक जागा रिकामी राहिली, तर शिक्षकाला काळजी वाटते. कर्तव्यदक्ष शिक्षक मग पाड्यावर जातो. घराला कुलूप दिसले तर शेजाऱ्याला विचारतो, भट्टीचा ठावठिकाणा काढतो, आणि तेथे जाऊन बापाशी बोलतो. ‘पोर माझ्याकडे सोपव, परीक्षा होईपर्यंत त्याची चिंता मी वाहीन,’ एवढेच त्याचे म्हणणे असते. बाप क्षणभर थापलेल्या विटांकडे पाहतो, क्षणभर मुलाकडे. त्या मुलाच्या हातांवर त्याचा थोडाफार हिशेब अवलंबून असतो. तरीही तो ‘जा’ म्हणतो, तेव्हा त्याने केलेला त्याग लहान नसतो.

जो दुसऱ्याचे मूल आपल्याकडे ठेवून घेतो, त्याच्यावर फार मोठी जबाबदारी येते. आई जवळ असली की कपाळाला हात लागताच तिला ताप कळतो. वसतिगृहात तो ताप कोणाला कळणार? मुले भिडस्त असतात. दुखत असले तरी सांगत नाहीत. डोंगराळ भागात रुग्णालय दूर असते, पावसाळ्यात साप-विंचवांचे भय असते. राज्यातील आश्रमशाळांत काही मुले आजाराने आणि अपघातांनी दगावली. त्यांच्या कारणांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने 2016 साली आपला अहवाल दिला. याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणी परिसरात 1992-93 साली कुपोषणाने बालके मृत्युमुखी पडली होती, आणि त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली होती. अशा घटना झाकून ठेवण्यासाठी नसतात. निवासी शाळेची इमारत पक्की हवी, पाणी स्वच्छ हवे, दिवा आणि दाराची कडी धड हवी, वैद्यकीय तपासणी वेळेवर हवी, आणि मुलाचे गाऱ्हाणे ऐकून घेणारे माणूस हवे. यांपैकी एकही गोष्ट चैनीची नाही.

आणखी एका धोक्याबद्दल जगाचा इतिहास आपल्याला सावध करतो. कॅनडा देशात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आले. पुष्कळांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध नेले गेले. तेथे त्यांना त्यांची भाषा बोलण्यास मनाई होती, त्यांचे रीतिरिवाज विसरावयास लावले जात. अनेक मुले तेथून परत आलीच नाहीत. 2008 साली त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल क्षमा मागितली. याउलट मंगोलियात गुरे घेऊन माळरानावर फिरणाऱ्या पशुपालकांची मुले शाळेच्या वसतिगृहात राहतात आणि सुट्टी लागली की पुन्हा आपल्या कळपांकडे, आपल्या तंबूकडे जातात. निवासी शाळा दोन्हीकडे होत्या. पण एकीने मुलांचे घर पुसून टाकले; दुसरीने घराची वाट मोकळी ठेवली.

आश्रमशाळेने ही दुसरी वाट धरली पाहिजे. वारली किंवा कातकरी मूल पहिल्या दिवशी आपल्या बोलीत बोलले, तर ते चुकीचे बोलते असे नव्हे. पुस्तकातील मराठी त्याला शिकायची आहे, परंतु त्यासाठी घरची बोली टाकून देण्याचे कारण नाही. कोणत्या रानभाजीचा कोंब कोणत्या पावसात फुटतो, मोहाची फुले केव्हा वेचावी, बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटे कसे करावे, लग्नाच्या चौकात तांदळाच्या पिठाची चित्रे कशी लिहावी, हे या मुलांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ज्या शाळेत या ज्ञानाला मान मिळतो, तेथील मूल आपल्या आईबापांविषयी लाज न बाळगता वाढते.

मग घरापासून इतके महिने दूर राहून या मुलांना मिळते तरी काय? एका साध्या उदाहरणाने ते समजेल. समजा, एका कुटुंबाने पावसाळ्यात 21,000 रुपये उचल घेतली. भट्टीवर दर हजार विटांना 800 रुपये मजुरी ठरली, आणि पती-पत्नी मिळून आठवड्याला 6,000 विटा पाडतात. म्हणजे आठवड्याची मजुरी 4,800 रुपये झाली. त्यांतून आठवड्याच्या धान्या-मिठासाठी मालक 1,300 रुपये देतो. या रकमेला ‘खर्ची’ म्हणतात. उरले 3,500 रुपये. या हिशेबाने 21,000 रुपयांची उचल सहा आठवड्यांत फिटते. हंगाम चोवीस आठवडे चालला, तर पुढील अठरा आठवड्यांचे 63,000 रुपये त्या कुटुंबाच्या हाती आले पाहिजेत.

हे गणित सातवी-आठवीच्या कोणत्याही मुलास सुटेल. परंतु ज्याला अक्षर आणि आकडा यांची ओळख नाही, त्याच्यापुढे वही उघडून कोणी ‘अजून बाकी आहे’ असे म्हटले, तर तो काय उत्तर देणार? तो अंगठा उठवितो, आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जाणे त्याच्या नशिबी येते. उचल अशा रीतीने वर्षामागून वर्षे फिटत नाही. शेतावर जन्मभर राबविणारी लग्नगडी पद्धत या भागात पूर्वी होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी माणूस आणि त्याची बायको सावकाराच्या दावणीला बांधली जात. वारली शेतमजुरांनी 1945 साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, तेव्हा त्या बंधनाच्या गाठी सुटू लागल्या. वहीतली खोटी बाकी हीदेखील तसलीच गाठ आहे. ती सोडविण्यासाठी घरात हिशेब वाचणारे एक माणूस पुरते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आश्रमशाळेतील मुलगी आईबापांना भेटावयास भट्टीवर जाते. संध्याकाळी भोंग्यासमोर चूल पेटलेली असते. ती बापाजवळ बसून विचारते, ‘बाबा, किती हजार विटा झाल्या? खर्ची किती उचलली?’ बाप आठवून आठवून सांगतो आणि ती वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडते. त्या वेळी आईबापांना कळते, की मागे ठेवलेले हे पोर वाया गेलेले नाही, दूरही गेलेले नाही. ते आपल्यासाठीच तेथे राहिले होते.

जून उजाडतो. पहिला पाऊस पडून डोंगर हिरवे होऊ लागतात. कुटुंबे पाड्यांवर परततात, घरांची कुलुपे निघतात, शाकारणी होते. आणि त्याच दिवसांत पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मुले पुन्हा आश्रमशाळेच्या वाटेला लागतात. नववीच्या वर्गात फार मुले नसतील. पण गेल्या वर्षी जितकी होती तितकी सारी परत आली, तर तेथील शिक्षकांना त्या वर्षाचा आरंभ शुभ झाला असे वाटते.

अभ्यास

1. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) जव्हार-मोखाडा भागात प्रत्येक पाड्यावर माध्यमिक शाळा का असू शकत नाही?
(आ) ‘उचल’ आणि ‘खर्ची’ यांत काय फरक आहे?
(इ) कुरणशाळा आणि आश्रमशाळा यांचे मार्ग परस्परांहून कसे भिन्न आहेत?

2. ‘एकीने मुलांचे घर पुसून टाकले, दुसरीने घराची वाट मोकळी ठेवली,’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

3. पाठातील भट्टीच्या उदाहरणात मजुरीचा दर हजार विटांना 800 ऐवजी 700 रुपये धरला, तर उचल फिटण्यास किती आठवडे लागतील? हिशेब करून पाहा.

4. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: भिडस्त, गाऱ्हाणे, कुचराई, दावणीला बांधणे, मान खाली जाणे.

5. तुमच्या वर्गात दूरच्या गावाहून एखादा मुलगा किंवा मुलगी एकटीच राहावयास आली आहे, अशी कल्पना करा. तिला पहिल्या आठवड्यात परके वाटू नये म्हणून तुम्ही काय काय कराल, ते दहा ओळींत लिहा.